डबीतला हिरवा चहा

चहामुळे माझं लिव्हर बंद पडायला आलं होतं, असं मी सांगते तेव्हा समोरचा माणूस आधी हसतो. मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि हसू आवरतो. आता वर्ष होत आलं. वजन परत भरलंय, शाळेत जाते, जेवण जातं. पण ते दिवस आठवायला अजून नको वाटतं. तरी लिहिते आहे. कारण ज्यांनी मला विचारायला हवं ते विचारलं होतं, त्यांना मी खरं उत्तर दिलं नव्हतं. मुद्दाम नाही. मला ते उत्तर आहे हेच कळलं नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. शाळा तलासरी तालुक्यात, झरीला. घर डहाणू रोडला लागून, मसोलीत. घरात आम्ही तिघं: मी, माझे यजमान नरेश आणि सातवीतली ओवी. नरेश डाय म्हणजे धातूचे साचे बनवण्याच्या कारखान्यात लेथवर असतात. दोन गल्ल्या सोडून त्यांची धाकटी बहीण वर्षा राहते.

शिक्षकांच्या तपासणी शिबिरात माझी सोनोग्राफी झाली आणि कागदावर लिहून आलं, फॅटी लिव्हर. बरोबरच्या चार जणींच्या कागदावर तेच होतं. त्या हसत वडापाव खायला गेल्या. मी मात्र तो कागद पर्समध्ये घडी करून ठेवला. माझे वडील लिव्हरनेच गेले. ते प्यायचे. शेवटी पोट मडक्यासारखं फुगलं होतं आणि हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. मी तेव्हा बारावीत होते. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाही, तरी तोच शब्द माझ्या नावापुढे आला होता.

डहाणूतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "बाई, घाबरण्यासारखं काही नाही. वजन उतरवा, साखर सोडा, रोज चाला. चहा-कॉफी घेता?"

"चहा घेते. चार वेळा."

"घ्या की. फक्त साखर नको. बिनसाखरेची कॉफी तर लिव्हरला बरी म्हणतात."

"आणि औषध?"

"हेच औषध."

मी नाराज होऊन बाहेर आले. औषध लिहून न देणारा डॉक्टर आपल्याला डॉक्टर वाटत नाही.

वर्षाची डबी

वर्षा तेव्हा एका कंपनीच्या वस्तू घरोघर विकायची. दर शनिवारी तिच्याकडे बायका जमायच्या. ती फसवणारी बाई नाही, हे आधीच सांगते. जे विकायची ते स्वतः घ्यायची. माझा कागद तिला दाखवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण माझ्या वडिलांचं सगळं मी तिला सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती हिरवी डबी घेऊन आली. "वहिनी, यात औषध नाहीच. ग्रीन टीचा अर्क आहे नुसता. पंधरा-वीस कप चहा पिऊन जे मिळतं ना, ते एका गोळीत. चरबी वितळते, लिव्हर साफ होतं."

"त्रास नाही ना काही?"

"चहाचा कसला त्रास?"

हे मला इतकं पटलं की पुढे मी दुसऱ्यांनाही तेच सांगितलं. मोबाइलवर चहा-कॉफीचे फायदे रोज येत होते. चहाने हृदय चांगलं राहतं, कॉफीने लिव्हर चांगलं राहतं, हिरव्या चहाने तर सगळंच चांगलं राहतं. कपभर चहा चांगला, तर वीस कपांचा अर्क वीस पट चांगला. पहिलीच्या मुलांना बेरीज शिकवणारी बाई मी, माझं गणित असं होतं.

सकाळी उपाशीपोटी दोन गोळ्या घ्यायच्या होत्या. महिन्याभरात ब्लाऊज सैल झाले. मग मी आपल्या मनानेच संध्याकाळीही दोन घ्यायला लागले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सेवंताबाई गुडघ्यांनी हैराण असायच्या. "बाई, तुमी बारीक झालात, काय केलात?" त्यांनी विचारलं. मी एक भरलेली डबी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "घ्या, चहाच आहे."

पिवळं

तिसऱ्या महिन्यात तोंडाची चव गेली. फोडणीच्या वासाने मळमळायचं. गवती चहाची पात टाकून उकळलेला चहा म्हणजे माझा जीव, तो समोर आला की मी उठून जायचे. अंगात कणकण. मी म्हटलं, साखर सोडल्यामुळे होत असेल. वर्षा म्हणाली, "शरीरातली घाण बाहेर पडते वहिनी, सुरुवातीला होतं तसं." सुरुवात होऊन तर दोन महिने झाले होते, पण हे मी मनात मोजलं नाही.

एका दुपारी खिचडी वाढताना सेवंताबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मुलांसमोर त्या कधी मला हात लावत नसत.

"बाई, तुमचे डोले पिवले झालेत."

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. आई तलासरीजवळच्या गावात एकटी राहते. ती म्हणाली, "काविळीला डॉक्टरचं औषध नाही. मी आहे ना." दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन एका पाड्यावर गेली. तिथल्या म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर बारीक काटक्यांची माळ ठेवली. कावीळ उतरत जाईल तशी माळ लांब होते आणि खाली घसरून गळ्यात येते, असं आमच्याकडे मानतात. त्याने एक पाला वाटून त्याचा रस दिला. आठवडाभर पथ्य सांगितलं.

माळ रोज लांब होत होती. आई रोज फोनवर विचारायची, "कुठवर आली?" मी सांगायचे, "कानापर्यंत. खांद्यापर्यंत." आणि माझी लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत चालली होती. अंगाला अशी खाज की ओवीचा कंगवा घेऊन मी पाठ ओरबाडायचे. आणि त्या सगळ्या आठवड्यात, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, मी हिरव्या डबीतल्या गोळ्या घेत होते. लिव्हर साफ करणाऱ्या गोळ्या, आता नाही तर कधी घ्यायच्या?

आईवर माझा राग नाही. त्या म्हाताऱ्यावरही नाही. पण ते आठ दिवस मला कुणी परत देणार नाही.

अच्छाडचा तास

नवव्या दिवशी भांडी घासताना मला भोवळ आली आणि नरेश मला उचलूनच डहाणूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी रक्त काढलं. दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो माझ्या हातात न देता नरेशना आत बोलावलं. काचेच्या दारातून मला नरेशची पाठ दिसत होती. ते उभे होते आणि हळूहळू खुर्चीत बसले. बसताना त्यांनी आधी हाताने खुर्ची चाचपली, आंधळ्या माणसाने चाचपावी तशी. तेव्हाच मला कळलं की हे साधं नाही.

डॉक्टर बाहेर आले. माझ्याशी खरं बोलले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "बाई, कावीळ वीसच्या वर गेलीय. रक्त गोठायला वेळ लागतोय. याचा अर्थ लिव्हर काम सोडतंय. आत्ताच्या आत्ता वापीला न्या. घरी जाऊ नका."

"ओवी शाळेतून येईल."

"घरी जाऊ नका," ते पुन्हा म्हणाले.

ॲम्ब्युलन्स हायवेला लागली आणि अच्छाडला अडकली. सीमेवरच्या नाक्यापाशी एक कंटेनर आडवा झाला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, सायरन ऐकून हलायला कुणाला जागाच नव्हती. खिडकीतून धाब्यांच्या पाट्या दिसत होत्या, ड्रायव्हर लोक खाटांवर बसून कटिंग पीत होते. नरेश उतरून ट्रकांमधून पळत गेले. "भाई, जरा साइड में लो, पेशंट है!" त्यांचा आवाज लांब लांब जात होता. मी आडवी पडून होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती: वडिलांचं पोट. मी माझ्या पोटावर हात ठेवून बघितला. ते जरा फुगलेलं होतं.

नरेश परत आले तेव्हा शर्ट भिजला होता. म्हणाले, "सुटेल आता." सुटायला तासभर लागला.  

"काही औषध घेता का?"

वापीच्या हॉस्पिटलात सगळं गुजरातीत चालायचं. सिस्टर पहाटेच येऊन म्हणायच्या, "बेन, हाथ आपो," आणि रक्त काढून न्यायच्या. सुई टोचली तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग उमटायचा, कारण रक्त लवकर गोठतच नव्हतं. दात घासायला ब्रश बंद होता. हिरड्यांतून रक्त यायचं. दिवसातून तीन वेळा एक गोड चिकट औषध द्यायचे, त्याने जुलाब व्हायचे. विष डोक्यात चढू नये म्हणून ते लागतं, असं सिस्टरने सांगितलं. डोक्यात चढणं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

माझ्या डॉक्टर चाळिशीच्या, गुजराती, पण मुंबईत शिकलेल्या. मराठी चांगलं बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सुलभाबेन, काही औषध घेता? बीपी, थायरॉइड, दुखण्याची गोळी?"

"नाही."

"आयुर्वेदिक? झाडपाल्याचं?"

मी पाड्यावरच्या पाल्याबद्दल सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "कधीपासून?"

"आठ-नऊ दिवस."

"कावीळ त्याच्या आधीपासूनची. अजून काही? नीट आठवा."

"नाही."

हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या झाल्या. एकही निघाला नाही. डॉक्टर रोज तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायच्या आणि मी रोज नाही म्हणायचे. माझ्या कापडी पिशवीत, टॉवेलखाली, हिरवी डबी होती. सकाळी सिस्टर पाणी ठेवून गेली की मी दोन गोळ्या घ्यायचे. लपवून नव्हे. नरेशच्या समोर. त्यांनीही कधी विचारलं नाही, कारण घरी रोजच घेताना बघत होते. ते औषध नव्हतं ना. तो चहा होता.

हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं. "एक चांदणी काढा. आणि खाली तुमचं नाव लिहा."

मी हसले. चांदणी मी रोज पोरांच्या वहीत काढते. पेन टेकवलं. पहिली रेघ वर गेली, दुसरी कुठे न्यायची ते सुचेना. हात आपोआप झटके खात होता. खाली नाव लिहिलं. "सु" लिहिला. "ल" लिहिला. पुढे काय येतं? मी कागदाकडे बघत राहिले. गेली अठरा वर्षं मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतलीत मी. "भ" कसा काढतात ते मला आठवेना.

डॉक्टरांनी कागद हळूच काढून घेतला आणि नरेशना म्हणाल्या, "मुंबईला हलवायची तयारी ठेवा. लिव्हर बदलायची वेळ येऊ शकते. घरात कोण देऊ शकेल, बघून ठेवा."

मी सगळं ऐकत होते. माझं डोकं चालत नव्हतं, पण कान चालत होते. नरेशचा रक्तगट जुळत नव्हता. आईचं वय झालेलं. भाऊ मला नाही. त्या दुपारी मी नरेशना ओवीच्या गणवेशाचा दुसरा जोड कुठे आहे, तिला पाळी आली तर काय काय लागेल, हे सांगायला लागले. ते म्हणाले, "गप." मी पुन्हा सांगितलं. ते उठून बाहेर गेले. मला भीती वाटत होती की उद्या हेही आठवणार नाही, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून तेच तेच पुटपुटत राहिले. जोड कपाटात, खालच्या कप्प्यात. जोड कपाटात, खालच्या कप्प्यात.

वर्षा

पाचव्या दिवशी वर्षा आली. तिने नरेशकडून सगळं ऐकलं होतं. तिचा रक्तगट माझाच. ती सरळ डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"माझं लिव्हर घ्या. वहिनीला माझं द्या."

डॉक्टर म्हणाल्या, "नणंद आहात तुम्ही. सख्ख्या नात्यात धरत नाहीत, परवानग्या लागतील. पण आधी तुमची माहिती तर घेऊ." त्या माझ्या खाटेपाशीच बसून विचारू लागल्या. वय, वजन, ऑपरेशन झालंय का, बीपी आहे का. "काही औषध चालू?"

"नाही हो. काहीच नाही. ग्रीन टीच्या कॅप्सूल घेते फक्त. वहिनी घेते त्याच."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"कोण घेतं?"

"मी. आणि वहिनी."

"कुठे आहेत?"

मी पिशवीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी टॉवेल बाजूला केला, डबी काढली, मागची बारीक अक्षरं वाचली. झाकण उघडून आतल्या गोळ्या बघितल्या. तळाला आठ-दहाच उरल्या होत्या.

"आज घेतली?"

"सकाळी," मी म्हटलं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "सुलभाबेन, हे चहा नाही. चहाचा अर्क आहे. कपातला चहा जन्मभर प्या, कुणाला काही होत नाही. पण असा अर्क गोळीत भरून घेतला, तोही उपाशीपोटी, की एखाद्याचं लिव्हर जळतं. सगळ्यांचं नाही. एखाद्याचंच. कुणाचं, ते आधी कळत नाही."

वर्षा खाली बसली. खाटेच्या लोखंडी पायाला धरून. नरेश दारात उभे होते. त्यांनी बहिणीला एकच वाक्य ऐकवलं: "तू इथून जा. परत माझ्या दारात येऊ नकोस." आवाज चढवला नाही. त्यांनी तिला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वर्षा पुढे मला म्हणाली.

ती उठून दारापर्यंत गेली आणि तेव्हा मला सेवंताबाई आठवल्या.

माझ्या डोक्याची ती अवस्था असताना हे कसं आठवलं, मला कळत नाही. मी ओरडले, "वर्षा! सेवंताबाईंना दिलीय! भरलेली डबी!"

फोन लावला. सेवंताबाईंच्या पाड्यात रेंज मिळत नाही. शाळेला सुटी होती. पुन्हा पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा तोच रेकॉर्ड केलेला आवाज. मला दिसत होतं की त्या पाड्यात पडून आहेत, डोळे पिवळे, आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यावर माळ ठेवतंय. मी मरत होते ते माझ्या मूर्खपणाने. पण त्यांना मी माझ्या हाताने दिलं होतं. "घ्या, चहाच आहे," म्हणून.

"मी जाते," वर्षा म्हणाली. नरेशकडे न बघता ती बाहेर पडली. ट्रेनने डहाणूला, तिथून स्कूटीवर झरीला.

वाट बघणं

गोळ्या बंद झाल्या म्हणजे उद्या बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. दुसऱ्या दिवशी काविळीचा आकडा आणखी चढला. नवीन सलाईन चालू झालं होतं, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. मुंबईला न्यायची गाडी सांगून ठेवली होती. आई आली होती आणि पायाशी बसून माझे तळपाय चोळत होती. मधेच म्हणाली, "मीच नेली तुला." मी म्हटलं, "नाही गं." पण मला तेवढंच बोलायची ताकद होती.

दुपारी वर्षाचा फोन आला. नरेशनी उचलला नाही, आईने उचलला आणि माझ्या कानाला लावला. पलीकडे वर्षा नव्हती.

"बाई? मी सेवंता. मना काय नाय झाला, बाई."

"गोळ्या?"

"घेतल्या ना. संपवल्या. ही ताई मना तलासरीच्या दवाखान्यान घेऊन आली. रगत काढला. चांगला हाय सांगतात. तुमी कनी बऱ्या व्हा आदी."

त्यांनी संपूर्ण डबी संपवली होती आणि त्यांना काही झालं नव्हतं. मला आनंद झाला आणि त्याच वेळी, हेही खरंच सांगते, माझ्या मनात आलं: मग मलाच का? हा प्रश्न मी पुढे महिनोन्महिने विचारला.

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर कागद घेऊन आल्या. नरेश उभे राहिले. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"उतरला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण चढलाही नाही."

नरेश म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे आज गाडी नको. उद्या बघू."

आठव्या दिवशी तो थोडा उतरला. नवव्या दिवशी मी कागदावर वाकडीतिकडी का होईना, पाच टोकांची चांदणी काढली. खाली नाव लिहिलं, पूर्ण. आईने तो कागद घडी करून कमरेला खोचला.

घरी

तीन आठवड्यांनी घरी आले, पण बरी झाले असं म्हणायला पुढे पाच महिने गेले. त्या महिन्यांबद्दल कोणी सांगत नाही. केस गळले. जिना चढताना मधे बसावं लागे. ओवी माझ्या डोळ्यांत बघायला यायची, रोज सकाळी, शाळेत जायच्या आधी, आणि निघून जायची. एकदा मी तिला जवळ ओढलं तर म्हणाली, "आई, तू आजपण काही खाऊ नकोस ना, कुणी दिलेलं." "नाही खाणार," मी म्हटलं.

वापीला तपासणीला गेले की डॉक्टर विचारायच्या, "चहा सुरू केला?"

"नाही. भीती वाटते."

"अहो, कपातला चहा तुमचा शत्रू नाही. कोरी कॉफी घ्या, साखर न घालता, एक-दोन कप. लिव्हरला चांगलीच आहे. भीती वाटायचीच असेल तर 'नुसतं नैसर्गिक आहे' या शब्दांची बाळगा."

नरेश मला भरवायचे, न्हाऊ घालायचे, पण घरात वर्षाचं नाव काढलं की भांडं आपटायचे. मी त्यांना सांगितलं, "ती स्वतःचं लिव्हर द्यायला आली म्हणून मी वाचले. नाहीतर त्या डबीचं कळलंच नसतं." ते म्हणाले, "ती डबी आणली कुणी?" दोन्ही खरं होतं.

वर्षाने शनिवारचं सगळं बंद केलं. तिने वहीतून नावं काढली. तिने ज्यांना त्या गोळ्या विकल्या होत्या त्या बायकांकडे आम्ही दोघी दुपारच्या वेळी जायचो, मी माझी फाईल घेऊन. बहुतेकींनी डब्या परत केल्या. काहींनी शिव्या दिल्या. एकीने आमच्यासमोरच गटारात ओतल्या.

कुसुमताईंनी मात्र दिली नाही. साठीच्या, स्टेशनच्या पलीकडे राहतात, एकट्याच. दार उघडून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझे रिपोर्ट चष्मा लावून वाचलेसुद्धा.

"वाईट झालं तुमचं. पण माझी शुगर उतरलीय याने. गुडघे हलके झाले."

वर्षा म्हणाली, "ताई, मीच विकली तुम्हाला. मीच सांगते, नका घेऊ."

"तेव्हाही तूच सांगत होतीस, घ्या म्हणून."

वर्षा त्यांच्या पाया पडली. कुसुमताईंनी तिला उठवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आणखी मागवल्यात मी, दुसरीकडून. उगाच जीवाला लावून घेऊ नकोस."

त्या दिवसापासून वर्षा दर सोमवारी त्यांच्याकडे जाते. खिडकीपाशी उजेडात त्यांना बसवून समोर बसते. भूक लागते का, मळमळतं का, लघवीचा रंग कसा, सगळं विचारते. त्या हसतात, तिला चहा करून देतात. एकदा रक्त तपासायला घेऊन गेली, ठीक निघालं. कुसुमताई म्हणाल्या, "बघ." वर्षा पुढच्या सोमवारी पुन्हा गेली.

तिथून ती आमच्या गल्लीवरून जाते, पण घरात येत नाही. मी फाटकापाशी उभी राहते, ती स्कूटी थांबवते, दोन शब्द बोलतो.

गेल्या सोमवारी मी बाहेर आले तेव्हा नरेश आधीच फाटकात उभे होते. कारखान्याला सुटी होती. वर्षाने त्यांना बघितलं आणि स्कूटी न थांबवता तशीच पुढे घ्यायला लागली. नरेशनी हात आडवा केला. ती थांबली. पाय टेकवून, मान खाली घालून बसून राहिली. त्यांच्यात एक शब्द होऊन वर्ष होत आलं होतं.

"कसे होते डोळे?" नरेशनी विचारलं.

"पांढरे आहेत, दादा," ती म्हणाली.

त्यांनी फाटक उघडलं.